बियाला राखलेलं तवसं

आई, मागच्या वाडीतला मांडव काल मी उतरवला. बांबू अजून धड आहेत, ते पडवीत आडवे लावून ठेवलेत. वेल ओढून एका कोपऱ्यात टाकलेत, वाळले की जाळीन. तसा तो आणखी महिनाभर उभा राहिला असता, थोडी पडवळं, थोडी कारली मिळाली असती. तुझी सून म्हणाली, "एवढी घाई कसली झालीय?" तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कारण जे झालं ते तिच्यासमोरच झालं. तुझ्यासमोर झालेलं नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की गावातल्या नव्या पोरांना ही वाडी तुझी होती हेसुद्धा ठाऊक नाही. म्हणून तुला लिहितोय.

वाडी म्हणजे काय, विहिरीपासून गोठ्याच्या भिंतीपर्यंतचा एक पट्टा. पण पावसाळ्यात तू तिथं इतकं काही लावायचीस की चौकच्या बाजारात जायचं ते फक्त मीठ नि रॉकेल आणायला. खणणं, शेण टाकणं, मांडव घालणं तुझं, आणि तोडणं आम्हा पोरांचं. त्यात मोठ्यांनी हात घातलेला तुला चालत नसे. मोठ्या माणसाला वाकून दिसत नाही ते पोराला उभ्यानं दिसतं, असं तू म्हणायचीस. ते खरं होतं. मांडवाखाली शिरलो की वरून हिरवंगार दिसणारं सगळं खालून वेगळंच दिसायचं. पानांआड लपलेलं पडवळ, आळ्याजवळ लोळणारा दुधी, कुंपणावर पळालेली चवळी. भेंडी तोडताना हातांना खाज सुटायची म्हणून तू आधी खोबरेल चोळून द्यायचीस. एकदा मी घाईघाईत पडवळ खेचलं आणि हातभर वेल त्याच्यासकट खाली आला. मला वाटलं आता पाठीत बसणार. तू मारलं नाहीस. तुटलेला वेल उचलून माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "एका हातान येल धरायचा, दुसऱ्यान देठ मोडायचा. धरल्याबिगर तोडायचं नाय रं." तेवढंच. पण तो वेल दिवसभर माझ्या हातात ठेवायला लावलास, आणि दुपारपर्यंत तो सुकून दोरीसारखा झाला.

माझी धाकटी बहीण तेव्हा जेमतेम माझ्या कमरेएवढी. मिरच्यांना तिला हात लावायची बंदी, कारण ती तोच हात डोळ्यांना लावायची. खालच्या चवळीच्या शेंगा मात्र तिच्या. दुसऱ्या कुणी त्या तोडल्या तर ती रडून घर डोक्यावर घ्यायची. भाजी आणायला तिच्याकडे तू दिलेलं जुनं पितळी मापटं होतं, त्यात मोजून चार शेंगा मावायच्या, आणि ती प्रत्येक वेळी मापटं भरलं की चुलीपर्यंत धावत येऊन रिकामं करायची.

त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. कुणाचा तरी टेंपो मिळाला, त्यातून तिला कर्जतला नेलंत, मला शेजारच्या काकीकडे ठेवलंत. परत आलात तेव्हा तू टेंपोतून उतरलीस आणि सरळ न्हाणीत गेलीस. पुढचे काही दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. काकी भाकऱ्या करून आणत होती. मग माणसं पांगली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तू मला हाक मारलीस.

"चल रं. शेंगा निबार व्हाय लागल्यात."

"मी नाय येत."

"नाय येत तर शेंगांनी काय करायचं? त्यांना कोन सांगल?"

मी आलो. तू वरचं तोडत होतीस आणि मला म्हणालीस, खालच्या काढ. खालच्या तिच्या होत्या, हे तुला माहीत नव्हतं असं नाही. मी खाली बसून एकेक शेंग मोडत गेलो आणि मनात तुला शिव्या देत राहिलो. तू वर बघत होतीस, मी खाली. दुपारी तू त्या शेंगांची भाजी केलीस, माझ्या ताटात वाढलीस, आणि मी ती खाल्ली. मला वाटलं, आईला काहीच वाटत नाही. मोठा झाल्यावर मी लोकांना हा प्रसंग तुझं कौतुक म्हणून सांगत आलो. माझी आई अशी होती, खचली नाही, पोराला घेऊन वाडीत गेली. सांगताना मला तो कळलाय असं वाटायचं.

पुढं मी साजगावला कारखान्यात लागलो. पाळ्यांची नोकरी, घरी यायचं ते झोपायला. तुझ्यामागं वाडी पडून राहिली. तुझं बी पण गेलं, कारण बी म्हणजे दरवर्षी लावलं तर राहतं. एक काकडीचं तेवढं वाचलं, पावसाळी जाड तवशाचं. काकीनं ते तुझ्याकडून घेतलं होतं आणि ती आपल्या दारात ते लावत राहिली. यंदा तिचा मुलगा तिला कायमची ठाण्याला घेऊन गेला. जाण्याआधी ती फडक्यात बांधलेल्या थोड्या बिया घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "तुझ्या आयशीचं हाय. माझ्या लेकाच्या बिल्डिंगीत कुठं लावू?" मी निवृत्त झालो होतो, पोरं घरी आली होती, मी ते घेतलं.

पोरं म्हणजे तुझी पणतवंडं. माझी मुलगी तू पाहिलीस ती रांगती. तिला मोहोपाड्याला दिली होती, जावई तिथं कारखान्यात आहे, कॉलनीत खोली आहे. चांगला माणूस आहे. गेल्या वर्षी तिला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग पनवेलचा दवाखाना, मग मुंबई. डॉक्टर म्हणाले लिव्हर गेलं, घरी न्या. होळीच्या आधी ती गेली. तुला हे एवढ्या थोडक्यात सांगतोय, कारण मला याहून जास्त सांगता येत नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत पोरं तिच्याजवळच होती, एका खोलीत राहणाऱ्या माणसांनी पोरांना कुठं न्यायचं? मोठी मुलगी सहा वर्षांची, धाकटा तीनचा. उन्हाळ्यात जावई त्यांना घेऊन आला. "मामा, काही दिवस ठेवा. माझ्या पाळ्या असतात." मी मुलीला इथल्या शाळेत बसवलं, आणि जमीन भिजल्यावर वाडी खणायला घेतली. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की पोर गेलेल्या घरात तू काय केलंस. तेच करायचं.

मुलगी आल्यापासून आईचं नाव काढत नव्हती. सांगितलेलं ऐकायची, वाढलेलं खायची. धाकटा आजीच्या मागं मागं फिरायचा आणि तिच्यासारखंच बोलायला लागला होता. बहिणीला काही मिळालं की लगेच "मी बी" म्हणायचा. श्रावणात पहिली तोडणी निघाली तेव्हा मी दोघांना घेऊन मांडवाखाली शिरलो. वेल कसा धरायचा ते दाखवलं. मुलगी एका खेपेत शिकली. तिचे हात तिच्या आईसारखे लांब आहेत. धाकटा शेंगांबरोबर फुलं तोडत होता, मी त्याला तोडू दिली. भेंडी, चवळी, दोडका, दोघं टोपली घेऊन आत धावत जात आणि आजी म्हणे, "बाई, केवढी भाजी आणलीय माझ्या लेकरांनी." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

मग माझ्या लक्षात आलं की तवशी धरतच नाहीत. वेल दांडगा, फुलं भरपूर, फळ मात्र नाही. एक दिवस मुलगी मांडवातून फ्रॉकचा ओटा धरून बाहेर आली. त्यात करंगळीएवढ्या काकड्या होत्या, देठाला फूलसुद्धा सुकलेलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, ही अजून पोरं आहेत. वाढू दे की त्यांना." तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिची आजी वैतागली. "एक तवसं धरू देत नाही ही. काय खूळ घेतलंय डोक्यात?"

रविवार होता. पाऊस उघडला होता. मी तिला शोधत मांडवाखाली गेलो तर ती कोपऱ्यात उभी होती. तिथं पानांआड एक तवसं तिच्या नजरेतून सुटून चांगलं हातभर वाढलं होतं आणि बुडाकडून पिवळं पडायला लागलं होतं. ती त्याला हात लावत नव्हती, नुसती बघत होती.

"हे राहिलं," ती म्हणाली. "मला दिसलंच नाही."

"राहू दे की. चांगलं मोठं झालंय."

"पिवळं झालं ना, आजोबा."

"मग काय झालं?"

"आई पण आधी डोळ्यांत पिवळी झाली. मग नखांत. मग सगळी."

मी तिथंच चिखलात बसलो. रोज शाळेतून आल्यावर दप्तर टाकून ती वाडीत का पळत होती ते मला कळलं. पिवळं पडायच्या आत प्रत्येक काकडी तोडायची, एवढंच काम ती करत होती. माझ्या लेकराच्या लेकरानं एकटीनं हे काम अंगावर घेतलं होतं, आणि मी तिला वाढू दे, वाढू दे म्हणत होतो.

थोड्या वेळानं मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, तवसं पिवळं होतं ते आजारी पडून नाही. ते बी धरतं. हिरवं असताना आतलं बी कच्चं असतं, पूर्ण पिवळं झालं की बी तयार होतं, मग ते पुढच्या पावसात लावलं की नवा वेल येतो. माझी आई असंच करायची, हे बी तिचंच आहे. ती नीट ऐकत होती.

"म्हणजे ते मरत नाही?"

"नाही."

"आणि आईचं?"

धाकटा माझ्या मागं उभा होता. काहीतरी वाटलं जातंय एवढंच त्याला कळलं असावं. हात पुढं करून तो म्हणाला, "मी बी."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली आणि हसली. आई, या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मीही हसलो. मी काय उत्तर दिलं असतं देव जाणे, पण त्याची गरजच पडली नाही. आम्ही तिघांनी मिळून त्या तवशाला आजीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, तू बांधायचीस तशी, म्हणजे हे बियाला राखलंय हे सगळ्यांना कळावं. खाली पेंढा घातला. त्या दिवसानंतर तिनं एकही कोवळी काकडी तोडली नाही. रोज येऊन बघायची आणि मला सांगायची, "आज अर्ध्यापर्यंत आलं." शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन आली दाखवायला. बाकीची तवशी मोठी झाली, आजीनं किसून गूळ घालून हळदीच्या पानात वाफवली. धाकटा ती खाऊन पोट धरून बसायचा. एके दिवशी जेवताना मुलगी आपण होऊन म्हणाली, "आई यात वेलची घालायची." तिची आजी उठून आत गेली. मी जेवत राहिलो. मला वाटलं, आई, तू जे केलंस ते मलाही आलं.

गौरी-गणपती झाले आणि जावई आला. चहा घेतला. मग म्हणाला, "मामा, माझी ताई आता माझ्याकडंच राहायला येतेय. तिचंही कुणी नाही. पोरांना नेतो." मी म्हटलं, "वर्षभर राहू द्या की." तो म्हणाला, "मला घरी आल्यावर ती खोली सहन होत नाही हो." पोरं त्याची आहेत. त्यालाही कुणी हवं आहे. त्यानं नेली हे बरोबरच केलं, हे मला तेव्हाही कळत होतं, आताही कळतंय. जाताना मुलगी मांडवाखाली जाऊन आली. तवसं तेव्हा देठाजवळ तेवढं हिरवं होतं. "पूर्ण झालं की बी काढून ठेवाल ना?" म्हणाली. धाकटा रिक्षात बसून आजीला हात करत होता, त्याला वाटत होतं आजीही येणार आहे.

पोरं गेल्यावर मी वाडीत तोडायला गेलो. एकट्यानं. वाकून खरंच दिसत नाही गं. भेंडी निबार झाली, चवळी वाळून तडकली. टोपलीभर भाजी काढली तर खाणार कोण? तुझी सून शेजारी देऊन यायची. मग तेही बंद झालं. मी फक्त त्या एका तवशावर लक्ष ठेवून होतो. ते पिवळं झालं, मग तांबूस, त्याच्यावर जाळी धरली. वरून बघशील तर एवढं देखणं फळ. मी ते आत आणलं, पाटावर ठेवलं आणि विळीवर कापलं.

आत घाण पाणी होतं. माशीनं कधीतरी कोवळं असतानाच डंख मारला असणार. सगळा गर सडून अळ्या झाल्या होत्या. मी त्यात हात घालून बिया काढल्या, धुतल्या, बोटांनी दाबून बघितल्या. एकूण एक पोचट. दुसरं फळ राखलेलं नव्हतं. काकीच्या फडक्यातलं सगळं बी मी लावून टाकलं होतं. वेलावर पुन्हा शोधलं, पण वेल उतरणीला लागला होता, उरलेली दोन फळं वाकडी नि आतून किडकी निघाली. तुझं बी गेलं, आई. पण त्याचं दुःख मला झालं असं म्हणवत नाही. मी त्या पोरीला काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पिवळं होऊ दे, काही होत नाही, असं मीच तिला सांगितलं होतं.

फोन आला तेव्हा तिनं पहिलं तेच विचारलं. "झालं का पूर्ण पिवळं?"

"झालं."

"बी निघालं?"

"निघालं की. भरपूर."

दुसऱ्या दिवशी मी चौकला गेलो आणि खता-बियाण्याच्या दुकानातून काकडीचं पाकीट आणलं. त्या बियांना औषध लावलेलं असतं, गुलाबी रंगाचं. मोरीत बसून मी त्या साबणानं धुतल्या, पुन्हा धुतल्या, धाकटा तोंडात घालेल या भीतीनं आणखी एकदा धुतल्या. सावलीत वाळवल्या. मग न्हाणीच्या चुलीतली राख घेतली आणि त्यात घोळल्या, म्हणजे घरच्या वाटाव्या. तुझी सून दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "तिला खरं सांगितलं असतं तर?" मी म्हटलं, "काय सांगू? तू सांग." ती आत गेली.

मोहोपाड्याला मी स्वतः घेऊन गेलो. तिच्या आत्यानं चहा केला. पोरं स्वच्छ होती, मुलीचे केस नीट विंचरलेले होते. धाकटा मला बघून आत्याच्या मागं लपला, मग आला. गॅलरीत रंगाच्या जुन्या डब्यात मुलीनं माती भरून ठेवली होती. आत्या म्हणाली, "आता कुठं काकडी येते? पावसाळ्यात लाव." मुलीनं ऐकलं नाही. राखेतली एक बी उचलून बोटावर धरली आणि मला विचारलं, "ही त्याच्यातलीच ना? पिवळ्या झालेल्याच्या?" मी हो म्हटलं. तिनं ती मातीत दाबली, वरून पाणी घातलं, आणि उरलेल्या बिया कंपासपेटीत ठेवल्या. धाकट्यानं हात पुढं केला, पण या खेपेला तो "मी बी" म्हणाला नाही. आत्याकडं राहून तो ते विसरत चाललाय.

लोकांना मी तुझा तो प्रसंग आता सांगत नाही. तू मला मांडवाखाली नेलंस, मी ते करून बघितलं, आणि मला एवढंच कळलं की तू काय करत होतीस ते मला कधी कळलंच नव्हतं. तू खंबीर होतीस की तुला दुसरं काही सुचत नव्हतं, ते मी तुला विचारायला हवं होतं. आता विचारून उपयोग नाही, आणि हे लिहिलेलं मी न्हाणीच्या चुलीत घालणार आहे, दुसरीकडे ते कुठं जायचं?

काल मांडव उतरवत असतानाच तिचा पुन्हा फोन आला. डब्यात कोंब आलाय म्हणाली. दोन पानं आहेत, हिरवी. दिवाळीच्या सुट्टीत तिला इकडं यायचंय. भात कापून झालं की वाल पेरतात ना, तो पेरायला, आणि मग शेंगा काढायला. वडील हो म्हणालेत, फक्त आजोबांना विचार म्हणालेत. मी म्हटलं, बघू. आजीला बरं नाही म्हटलं. आजी तिथंच उभी होती, तिला चांगलं बरं होतं. पोरांची आठवण येऊन माझा जीव जातो, आई, पण त्या पोरीला घेऊन पुन्हा वाडीत शिरायची माझी छाती होत नाही. मी तिला अजून ये म्हटलेलं नाही.